अकरा वेळा आमदार, एकच मतदारसंघ: भाई गणपतराव देशमुख यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुख कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. जन्म १० ऑगस्ट १९२६, निधन ३० जुलै २०२१, सोलापुरात. पक्षात त्यांना 'भाई' म्हणत, तालुक्यात 'आबासाहेब' किंवा नुसते 'आबा'. पहिली निवडणूक जिंकली तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, शेवटची जिंकली त्यानंतर देवेंद्र फडणवीस झाले. मधल्या सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या काळात काही वर्षे सोडली तर आबा सभागृहात होते, आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. सत्तेच्या बाहेर राहून आमदार किती काम करू शकतो आणि कुठे त्याचे हात बांधले जातात, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून मोठे उदाहरण नाही.

ते मूळचे सांगोल्याचेच का?

नाही. त्यांचे गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतले, तिथेच डाव्या विचारांशी आणि शेकापशी नाते जुळले, आणि वकिली करायला ते सांगोल्यात आले. तालुक्याच्या कोर्टात कूळकायद्याचे, बांधाचे, वहिवाटीचे दावे घेऊन येणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा अडलेला शेतकरीच असतो. त्या काळातल्या अनेक शेकाप नेत्यांची वाट अशीच वकिलीतून राजकारणाकडे गेलेली दिसते.

अकरा वेळा म्हणजे नेमके कोणत्या वर्षी?

१९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. हरले दोनदा, १९७२ आणि १९९५ मध्ये.

'५५ वर्षे आमदार' असे त्यांच्याबद्दल नेहमी लिहिले जाते. त्यात पराभवानंतरची वर्षेही मोजलेली असतात. प्रत्यक्ष आमदारकीचा हिशेब मांडला तर १९६२ ते १९७२, १९७४ ते १९९५ आणि १९९९ ते २०१९ अशी साधारण ५१ वर्षे भरतात. एवढी खरी संख्या असताना ती फुगवायची गरजच काय?

हा देशातला विक्रम आहे का?

महाराष्ट्रात हो, देशात नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून तेरा वेळा निवडून आले. केरळमध्ये के. एम. मणी तर एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. सांगोल्यात अनेकांना हे ऐकायला आवडत नाही, पण खरे ते खरे. फरक इतकाच, की करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले आणि मणी अनेक वर्षे अर्थमंत्री होते. गणपतरावांच्या पक्षाची राज्यात स्वतःच्या बळावर कधीच सत्ता आली नाही. सत्तेचा टेकू नसताना अकरा वेळा निवडून येण्याला वेगळे वजन आहे.

शेतकरी कामगार पक्ष हा नेमका कोणता पक्ष? आजच्या मुलांना तो माहीत नसतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधल्या बहुजन समाजातल्या नेत्यांना वाटू लागले, की पक्षाची सूत्रे शेतकऱ्याच्या हातात राहिलेली नाहीत. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत शेतकरी-कामगारांचा संघ उभा राहिला आणि १९४८ मध्ये त्यातून स्वतंत्र पक्ष झाला. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. पुढे जेधे काँग्रेसमध्ये परतले आणि यशवंतराव चव्हाणांनी ग्रामीण नेतृत्वाला काँग्रेसची दारे उघडी केल्यावर अनेकजण त्यांच्यामागे गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र शेकाप पहिल्या फळीत होता.

राहिलेल्यांत उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, दत्ता पाटील अशी माणसे होती. संख्येने थोडी, पण सभागृहात त्यांचे भाषण ऐकायला मंत्री थांबत. गणपतराव या पिढीतले सर्वांत जास्त काळ सभागृहात राहिलेले.

सत्ता नसताना एक आमदार करतो तरी काय? निधी तर सरकारच देते.

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

आमदाराचे काम म्हणजे आमदार निधीतून समाजमंदिर आणि पेव्हर ब्लॉक, हा समज अलीकडचा. विधानसभेचा सदस्य म्हणून त्याच्या हातात मुख्यतः काही आयुधे असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, अशासकीय ठराव आणि विधेयक. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. एखादा पाझर तलाव अर्धवट पडला आहे, हे निवेदन देऊन सांगितले तर ते फायलीत जाते. तेच सभागृहात विचारले तर कार्यकारी अभियंत्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना माहिती गोळा करावी लागते, आणि मंत्री जे आश्वासन देतो त्याची नोंद होते. अशी आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कपात सूचना तर खात्याने मागितलेल्या खर्चावरच बोट ठेवते. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर अभ्यास करून बोलणारे सदस्य आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

हे सगळे करायला तीन गोष्टी लागतात. हजेरी, वाचन आणि तालुक्यातली खडान्‌खडा माहिती. गणपतराव या तिन्हींत पक्के होते. अधिवेशन मुंबईत असो की हिवाळ्यात नागपूरला, ते वेळेवर आणि शेवटपर्यंत बसत. कामकाजाचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि कायद्याच्या मसुद्यावर बोलताना ते कलमाचा क्रमांक सांगून बोलत. आवाज चढवायची त्यांना गरज पडत नसे. सत्ताधारी पक्षाचे नवे आमदारही नियमांची अडचण आली की त्यांच्याकडे जात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विरोधी आमदार प्रश्न लावून धरू शकतो, कामाला तोंड फोडू शकतो, पण पैसा कोणत्या कामाला आधी द्यायचा हे मंत्रिमंडळ ठरवते. सांगोल्याच्या पाण्याची कहाणी या मर्यादेचीच कहाणी आहे.

सांगोल्याच्या पाण्यासाठी त्यांनी काय केले?

सांगोला हा माणदेशाचा भाग. पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही भरवशाचा नाही. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. नीरा उजव्या कालव्याचे पाणी येते, पण सांगोला त्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. वरच्या तालुक्यांत ऊस भिजवून उरेल ते खाली. टेलच्या शेतकऱ्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, पूर्ण मिळाली, अशी वर्षे कमीच.

आबांचे पाण्याचे राजकारण तीन टप्प्यांत पाहावे लागते. पहिला टप्पा दुष्काळी कामांचा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला गेली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने केला. वि. स. पागे यांची ती कल्पना, पण तिला कायद्याचे रूप यावे, मजुरी वेळेवर मिळावी, कामे गावाजवळ निघावीत, यासाठी शेकाप आणि इतर डाव्या पक्षांनी मोर्चे काढले, सभागृहात भांडण केले. त्यात गणपतराव पुढे होते.

दुसरा टप्पा कृष्णेच्या पाण्याचा, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले होते, आणि निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता. तोपर्यंत पाणी अडवले नाही तर ते गमावण्याची भीती होती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात लढलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी नव्वदच्या दशकात आटपाडीला पाणी परिषद सुरू केली. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांचे शेतकरी तिथे जमत. मागणी फक्त 'पाणी द्या' एवढी नव्हती. पाणी समन्यायी वाटा, जमीन असो नसो प्रत्येक कुटुंबाचा त्यात वाटा धरा, अशी होती. धरणाच्या जवळचा आणि लांबचा, बागायतदार आणि भूमिहीन, यांना एका मापाने मोजणारी ही मागणी आजही पूर्ण झालेली नाही.

या दबावाखाली १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभूसारख्या योजनेला गती आली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेवटी सांगोल्यापर्यंत न्यायचे. महामंडळ झाले तेव्हा गणपतराव आमदार नव्हते, १९९५ ची निवडणूक हरून घरी होते. पण परिषदेच्या मंचावर ते हजर होते. आमदारकी गेली म्हणून त्यांचे काम थांबले नाही, याचा याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

तिसरा टप्पा पाठपुराव्याचा: निधी, भूसंपादन, पंपांचे वीजबिल, कालव्याची अर्धवट कामे. यात वीसेक वर्षे गेली. पाणी माण नदीच्या पात्रात पहिल्यांदा आले तेव्हा लोकांनी त्याची पूजा केली. तरीही सांगोल्याची सगळी शिवारे भिजली असे कोणी म्हणणार नाही.

मग तालुका तरला कशावर?

डाळिंबावर. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि खडकाळ माळावर ठिबकच्या जोरावर बोर आणि डाळिंब उभे राहिले. सांगोल्याचे डाळिंब परदेशात गेले, लोकांनी पक्की घरे बांधली. पुढे तेल्या आणि मर रोगाने बागा काढाव्या लागल्या, ते दुःख वेगळे. योजनेचे श्रेय एका माणसाचे नाही. पण तालुक्यात कागदपत्रे करून देणारी, कृषी खात्याच्या मागे लागणारी कार्यकर्त्यांची फळी तयार होती, ती आबांची.

कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी कशी?

बाहेरचा माणूस हे हमखास विचारतो. शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली ती रोजगारासाठी. पाण्याअभावी साखर कारखान्याचे अर्थकारण इथे टिकणे अवघड होते, सूतगिरणीला पाणी कमी लागते आणि सोलापूर-इचलकरंजीचा कापड धंदा जवळ. कापूस बाहेरून आणायचा, सूत काटेकोर दर्जाचे काढायचे आणि खर्चावर लक्ष ठेवायचे. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या भागभांडवल घेऊन बुडाल्या. त्या गर्दीत सांगोल्याची गिरणी नफ्यात चालली, तिचे सूत निर्यात झाले. भरती करताना, खरेदी करताना संस्थेला घरची मालमत्ता समजायचे नाही, हे पथ्य तिथे पाळले गेले. सहकाराला नावे ठेवणाऱ्यांनी ही गिरणी जरूर पाहावी.

ते मंत्री कधी होते? आणि मंत्रिपद सोडले का?

दोनदा. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे 'पुलोद'च्या सरकारात. त्याच सरकारात एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झाले. दुसऱ्यांदा १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारात, पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. शेकापचे तेव्हा पाच आमदार होते. जून २००२ मध्ये पक्षाने पाठिंबा काढला. रायगडमधला राष्ट्रवादीशी असलेला संघर्ष हे त्यामागचे मोठे कारण. म्हणजे भांडण सांगोल्याचे नव्हतेच, तरी पक्षाचा निर्णय झाल्यावर आबा मंत्रिपद सोडून बाहेर पडले. सरकार पुढे विश्वासदर्शक ठराव जिंकले. ते थांबले असते तर खाते कदाचित राहिले असते. थांबले नाहीत.

ते विरोधी पक्षनेतेही होते ना?

हो, जुलै १९७७ ते १९७८ च्या सुरुवातीपर्यंत. त्याआधी त्याच सभागृहात शेकापचेच कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९७२ मध्ये शेकापचे अवघे सात आमदार निवडून आले होते, सभागृह २७० चे. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशमांश आमदार हवेत का, यावर २०२४ नंतर जी चर्चा झाली, ती ऐकताना हा इतिहास आठवायला हवा होता.

दोनदा हरले ते कसे?

१९७२ मध्ये इंदिरा गांधींची लाट होती, बांगलादेश युद्धानंतरची. राज्यभर विरोधक वाहून गेले. दोन वर्षांत पोटनिवडणूक झाली आणि आबा परतले. १९९५ चा पराभव जास्त चटका लावणारा: काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांच्याकडून फक्त १९२ मतांनी. हरल्यानंतर त्यांनी तालुका सोडला नाही, पक्ष बदलला नाही, आणि १९९९ ला जिंकले. २०१४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्याच शहाजीबापूंना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवले. तेव्हा मोदी लाट जोरात होती.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी खऱ्या का?

एसटीने प्रवास, आमदार निवासातली साधी खोली, खादीचे कपडे, हे असंख्य लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. सभागृहातला सर्वांत ज्येष्ठ सदस्य एसटीच्या राखीव सीटवर बसून येतो, याचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्यांच्याबद्दलचे लेख बऱ्याचदा इथेच सुरू होऊन इथेच संपतात, याची खंत वाटते. नुसत्या साधेपणावर कोणी अकरा वेळा निवडून येत नाही. गावोगावची पक्षशाखा, सुखदुःखाला हजेरी, आणि आलेल्या माणसाच्या कागदावर त्याच दिवशी काहीतरी लिहिणे, ही त्यामागची मेहनत आहे.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

तीन गोष्टी वारंवार म्हटल्या जातात, आणि तिन्हींत तथ्य आहे. एक, इतकी वर्षे आमदार असून पाणी उशिरा आले. सत्ताधारी पक्षात असते तर लवकर आले असते, असे त्यांचे विरोधक म्हणत. दोन, पक्ष वाढला नाही. १९७८ मध्ये शेकापचे १३ आमदार होते, २०१४ मध्ये तीन उरले, दोन रायगडचे आणि एक सांगोल्याचे. मंडल, मंदिर, शहरीकरण आणि सेवाक्षेत्राने बदललेल्या महाराष्ट्राला पक्षाकडे नवे उत्तर नव्हते, आणि ज्येष्ठ नेते म्हणून त्याची जबाबदारी आबांवरही येते. तीन, दुसरी फळी. आयुष्यभर घराणेशाहीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पक्षात त्यांच्यानंतर उमेदवारी घरातच गेली.

पहिल्या टीकेला मात्र एक उत्तर आहे. शेजारचे जे दुष्काळी तालुके कायम सत्ताधारी पक्षासोबत राहिले, तिथेही कृष्णेचे पाणी त्याच सुमारास पोहोचले.

२०१९ नंतर सांगोल्यात काय झाले?

वयामुळे त्यांनी २०१९ ला लढायचे नाही असे ठरवले. उमेदवारीवरून पक्षात ओढाताण झाली, शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी हरले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंसोबत गुवाहाटीला गेलेल्या शहाजीबापूंच्या फोनवरच्या 'काय झाडी, काय डोंगार' या संभाषणाने सांगोल्याचे नाव घरोघरी पोहोचले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेकापच्या उमेदवारीवर सुमारे २५ हजार मतांनी ही जागा परत मिळवली. सध्याच्या विधानसभेत शेकापचे ते एकमेव आमदार आहेत. आबांच्या नावाची पुण्याई त्यात होती, यात शंका नाही. सभागृहातले काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.

त्यांची भाषणे कुठे वाचता येतील? आणि माझ्या आमदाराचे काम कसे तपासू?

दोन्हींचे उत्तर एकच. विधानसभेत बोललेला प्रत्येक शब्द नोंदवला जातो आणि ही कार्यवाही विधिमंडळाच्या ग्रंथालयात आणि संकेतस्थळावर ठेवलेली असते. सदस्याचे नाव आणि अधिवेशन घेऊन शोधले तर त्याने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, हे सापडते. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती हवी असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचे शपथपत्र असते. आबांच्या भाषणांपासून सुरुवात करायची असेल तर रोजगार हमी आणि पाटबंधारे खात्याच्या मागण्यांवरची चर्चा आधी काढा, आणि मग त्याच विषयांवर तुमचा आमदार गेल्या अधिवेशनात काय बोलला ते शेजारी ठेवून वाचा.